तिसऱ्या वाफ्यातली रेघ

मी कामावरून घरी आले तेव्हा एक अनोळखी माणूस माझ्या टोमॅटोंच्या वाफ्यात उभा होता, आणि त्याचं तोंड भरलेलं होतं.

एका हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला टोमॅटो. मला बघून त्याला धड गिळता येईना, धड बोलता येईना. हनुवटीवरून रस ओघळला तो त्याने बाहीने पुसला.

"कोणता खाल्लात?" मी विचारलं.

परसात शिरलेल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न नव्हे, हे मलाही कळत होतं. पण एकोणीस जातींपैकी कोणता, हे समजल्याशिवाय मला नीट रागावता येईना.

त्याने मुकाट्याने बोट दाखवलं. जांभळट काळा, देठापाशी हिरवी झाक असलेला.

"काळू," मी म्हणाले. "अजून दोन दिवस थांबायचं होतं. आंबट लागला असेल."

"नाही... म्हणजे, टोमॅटोला अशी चव असते हे मला माहीतच नव्हतं," अखेर गिळून तो म्हणाला. "आणि चोरलेला नाहीये. तुमच्या आत्यांनी दिला."

तेवढ्यात आत्या मागच्या दारातून चहा घेऊन आली. "अगं, मोजणीवाले आहेत. सकाळपासून उन्हात उभे बिचारे. मीच म्हटलं, एक खाऊन बघा."

घरात आम्ही दोघीच. आत्याची सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात गेली, त्यामुळे माणसाला दोन मिनिटांत बोलतं करायची तिची सवय अजून गेलेली नव्हती. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचे. दिवसभर मेण, साचे आणि दुसऱ्यांचे दात. संध्याकाळी परसातली माती. कुणाकडून दोन बिया, कुणाकडून एक पिकलेलं फळ, असं करत सात वर्षांत एकोणीस जाती झाल्या होत्या. त्यांची नावं मीच ठेवलेली. पोटाला घड्या पडलेला तो ढेरपोट्या. पिवळा, नथीतल्या मोत्याएवढा तो थेंब. सगळ्यांच्या शेवटी, दहा वेळा मनधरणी केल्यावर फळणारी ती रुसकी. "लोक मांजरं पाळतात, हिने टोमॅटो पाळलेत," असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

"मोजणी कसली?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "रस्ता रुंद होणार आहे. तुमची भिंत सात फूट आत येईल."

मग मला ती दिसली. पांढऱ्या फक्कीची रेघ, भिंतीला समांतर, तिसऱ्या वाफ्याच्या बरोबर मधून गेलेली. रेघेच्या पलीकडे अकरा जाती होत्या.

मी मोजल्या. त्यानेही मोजल्या असाव्यात, कारण तो माझ्याकडे बघत नव्हता.

"दोन फूट इकडेतिकडे नाही का करता येणार?" मी अगदी हळू विचारलं. "कुणाला कळणार आहे?"

"उद्या पुन्हा मोजून सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. उन्हाने चेहरा रापलेला, बुटांना चुना. दारातच उभा राहिला.

"तीनदा मोजलं. रेघ तिथेच येते."

"मी चूक काढायला सांगितलं नव्हतं. हलवायला सांगितलं होतं."

"ते समजलं होतं मला." त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "तुमच्या बाजूने दोन फूट सोडले, तर समोरच्या बाजूने दोन फूट जास्त घ्यावे लागतात. समोर शिंप्याचं दुकान आहे."

मी दार लावून घेतलं. आपटलं नाही, एवढंच.

चार दिवस मी त्याला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. पाचव्या दिवशी ब्लाउज शिवायचं निमित्त काढून समोर गेले. दुकान जेमतेम आठ फूट खोल. एक मशीन, एक कापडाचं कपाट, आणि पाय आखडलेले शिंपीकाका. त्यांच्याही उंबऱ्याच्या आत फक्कीची रेघ होती, मशीनपासून वीतभर अंतरावर.

"मशीन वाचलं," काका मापं घेता घेता म्हणाले. "तो पोरगा तीनदा येऊन मोजून गेला. मला वाटलं, आता सरकवतोय रेघ. पण नाही सरकवली."

घरी येऊन मी, तो ठेवून गेलेल्या मोजणीच्या नोटिशीवरचा त्याचा नंबर लावला.

"मी टोमॅटोवाली बोलतेय," मी म्हणाले, आणि पुढे काय बोलायचं तेच आठवेना.

"हं," तो म्हणाला. मग म्हणाला, "काम सुरू व्हायला सहा आठवडे आहेत. तेवढ्यात काय काय वाचवता येईल?"

फळाला आलेली झाडं हलवली तर जगत नाहीत. वाचवायच्या त्या बिया. त्यासाठी फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यायचं, गर कपात काढायचा, दोन-तीन दिवस आंबवायचा, मग बिया धुऊन वाळवायच्या. प्रत्येक जातीचा कप वेगळा, चिठ्ठी वेगळी. मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "माझं अक्षर चांगलं आहे."

त्याचं अक्षर खरंच चांगलं होतं. पहिल्या रविवारी त्याने एकोणीस चिठ्ठ्या लिहिल्या, नकाशावर गावांची नावं लिहावीत तशा. 'रुसकी' लिहून झाल्यावर वर बघितलं.

"हे नाव कुणावरून ठेवलंय?"

"तुम्हाला कुणावरून वाटतं?"

"मी मोजल्याशिवाय काही बोलत नाही," तो म्हणाला, आणि मान खाली घालून पुढची चिठ्ठी लिहायला लागला. पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

एकदा त्याने विचारलं, दातांचा पांढरा रंग कसा जुळवता. मी सांगितलं, पांढऱ्याच्या सोळा छटा असतात, पेशंटच्या दाताशेजारी धरून बघायच्या.

"आणि लाल किती?"

"लाल अजून मोजतेय मी."

मग आम्ही दोघं ताटातल्या टोमॅटोंकडे बघत बसलो... निदान मी तरी टोमॅटोंकडेच बघत होते. पानं हाताळून आमची बोटं हिरवी झाली होती. साबण लावला की फेस पिवळा यायचा. तो वास दिवसभर हातांना राहायचा, आणि लॅबमध्ये मेण वितळवताना मी उगाचच तळवा नाकाशी न्यायचे.

तिसऱ्या रविवारी त्याच्या कोपराने दोन कप सांडले. मी आत होते. बिया एकत्र करून त्याने एका कपात भरल्या असत्या, तर मला कधीच कळलं नसतं. बाहेर आले तर तो ओट्यापाशी ताटकळत उभा.

"थेंब आणि पट्टेवाला एकमेकांत मिसळले. माझ्यामुळे."

"फळं धरेपर्यंत कळणार नाही आता, कुठली बी कुठली."

"किती दिवस?"

"चार महिने."

त्याने ओट्यावर सांडलेला गर पुसून काढला. मग म्हणाला, "माझं काम पुढच्या तालुक्यात आहे, एक तारखेपासून. दोन तासांचा रस्ता." आणि थोड्या वेळाने, "रविवारी सुट्टी असते."

त्यानंतरही तो येत राहिला. पाचव्या आठवड्यात सलग दोन दिवस पाऊस झाला आणि टोमॅटो तडकायला लागले. आम्ही तिघांनी भिजत भिजत सगळी फळं उतरवली. घरभर आंबलेल्या गराचा वास भरला. आत्या खिडक्या उघडत फिरत होती, पण तिने भिजलेल्या चिठ्ठ्या न चुकता वाळत घातल्या. एकोणिसांपैकी सतरा जातींच्या बिया पाकिटांत नीट गेल्या आणि त्या मिसळलेल्या दोन, एकाच पाकिटात.

यंत्र आलं तो मंगळवार होता. मी लॅबमधून रजा घेतली होती. भिंत पडताना आवाज अपेक्षेपेक्षा कमी झाला. आपलीच माती धपकन बसावी तसा. काळू गेला, ढेरपोट्या गेला. आधारासाठी रोवलेल्या काठ्या मोडताना मात्र मला बघवेना. मी तोंड वळवलं, तर मागे तो उभा होता. अंगात ऑफिसचे कपडे, हातात हेल्मेट.

"आज तर मंगळवार," मी म्हणाले.

"अकरा वर्षं मी रेघा मारतोय," तो म्हणाला. त्याचे डोळे यंत्रावर होते. "रेघ मारायची आणि पुढच्या गावाला जायचं. नंतर तिथे काय होतं ते मी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, इथलं तरी बघावं. तुम्ही एकटीने बघू नये."

मला रडू आलं. टोमॅटोंचं की कशाचं, सांगता येणार नाही. तो माझ्या आणि त्या धुळीच्या मधे सरकून उभा राहिला.

दुपारी यंत्र पुढच्या घराकडे गेलं. आमचं परसू आता सरळ रस्त्यावर उघडं पडलं होतं. समोर शिंपीकाकांच्या मशीनचा आवाज चालू होता. आम्ही दोघं उरलेल्या अर्ध्या वाफ्याच्या कडेला बसलो.

"तुम्हाला परत जायला उशीर होईल," मी म्हणाले.

"हो."

तो उठला नाही.

"एक सांगू?" मी म्हणाले. "मला रविवार पुरत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मोजण्याआधी यंत्रातून बघतात तसं नव्हे, अगदी साधं.

"मलाही नाही," तो म्हणाला. "सोमवारी सकाळपासूनच कमी पडायला लागतो. मुख्य ऑफिसात नकाशांची एक जागा रिकामी आहे, या गावातच. मी अर्ज केलाय. मिळेल की नाही, सांगता येत नाही."

"नाही मिळाली तर?"

"तर दोन तासांचा रस्ता आहे. रोज येऊन-जाऊन करतात माणसं. तू म्हणशील तर... तुम्ही म्हणाल तर."

"पहिलं म्हणालास तेच बरं होतं," मी म्हणाले.

त्याने माझा हात हातात घेतला. दोघांच्याही बोटांवर हिरवट डाग होते आणि वर धूळ. आम्ही बराच वेळ तसेच बसलो. रस्त्यावरून माणसं जात-येत होती, आणि आता मधे भिंत नव्हती, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

आत जाऊन आत्याला सांगितलं. ती डाळ निवडत होती. हातही थांबला नाही तिचा.

"मग इतके रविवार तुम्ही काय नुसत्या बियाच धुवत होतात?" ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी ताट घ्यायला उठली.