घुमटाखाली

जुन्या काचसामानाच्या दुकानात ती कामाला होती, अर्धवट वस्तू ओळखायची. बाटली हरवलेलं बूच, पेला तुटलेला देठ. काचेवर तोंडाची वाफ सोडली की पुसट झालेले डाग वर येत आणि उरलेला भाग कसा होता ते कळे. कशाची ते ओळखल्याशिवाय वस्तू पुरी करायची नाही, हा तिचा हट्ट. मालकाला तेवढा धीर कुठला!

"बसेल त्यावर बसवा आणि ठेवा विकायला," तो म्हणायचा.

त्या दुपारी एक व्हिक्टोरियन काळातला काचेचा घुमट आला होता. खालची बैठक नव्हती. असल्या घुमटाखाली लोक मेणाची फुलं किंवा पेंढा भरलेले पक्षी ठेवत. बाहेर थंडी मी म्हणत होती. शाळेला सुट्टी म्हणून लेकही सोबत होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू होता.

"आई, आतून मी हाऽऽ करू?"

"कर. पण हात लावू नकोस हं."

पोरीने घुमटात तोंड घालून मोठ्ठा श्वास सोडला. काच धुरकटली आणि तिच्यावर इवल्या बोटांचे ठसे उमटले. सगळे आतल्या बाजूने, आणि पोरीने तर हात लावलाच नव्हता. आईने पोरीला मागे ओढलं. याच्याखाली फुलं ठेवली नव्हती, पक्षीही नव्हता...

"झालं ना?" मालकाने कुठलीशी लाकडी बैठक आणली आणि घुमट तिच्यावर ठेवूनही दिला. अगदी मापाचा बसला.

घरी जाताना ज्याच्या त्याच्या तोंडून वाफ निघत होती. लेक मात्र चकार शब्द बोलत नव्हती. दमली असेल, असं आईला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, पोरीच्या नाकातोंडापाशी वाफेचा मागमूस नव्हता. तिने चष्मा काढून लेकीच्या ओठांशी धरला. काच कोरडीच राहिली.

पोरीचा हात धरून ती आल्या पावली परत धावली.

दुकानात घुमट आतून धुरकटत होता, निवळत होता, पुन्हा धुरकटत होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला. उचलला तर श्वास लेकीकडे येईल, की हवेत विरून जाईल? तिला काही सुचेना.

"आई, उचल ना गं... गुदमरतंय मला."

आवाज लेकीचाच होता. काचेआडून आलेला.

तिने वळून पाहिलं. लेक दाराशी उभी होती, ओठ घट्ट मिटून. आईकडे एकटक बघत ती सावकाश मान हलवून नको म्हणत होती.