भरभराट भेंडीचं दुसरं पाकीट

"असल्या माणसाचे हातच तोडले पाह्यजेत," वामनराव म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच त्या माणसाची बायको दारात उभी राहिली.

अमरावतीत गीतांजलीचं एका खोलीचं ऑफिस होतं. आधी ती विमा कंपनीसाठी खोटे दावे उघडे पाडायची, आता स्वतःच खासगी तपास करायची. वामनराव तिचे मामा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांचं डोकं एरवीही तापलेलं असायचं, आज तर कारणच होतं. तिवशाला त्यांच्या मेहुण्याने, देवीदासने, दोन एकरांत भेंडी लावली होती. वीस दिवस झाले तरी एक कोंब वर आला नव्हता. बियाणं 'भरभराट' नावाचं. कंपनीचे मालक किसनराव म्हणाले, पाकीट नकली आहे. मग पोलिसांनी अकोल्यातून, जठारपेठेतून, अब्दुल गफ्फारला उचललं. पाकिटावरचं नक्षीदार नाव तोच करून द्यायचा.

"मी रजियाबी," बाई म्हणाली. "लोकायनं दुकानाची पाटी फोडली. उद्या माह्या शौहरले कोर्टात उभं करून राहिले. पोलिसायनं नकली पाकीट दाखोलं, इचारलं अक्षर कोनाचं. ते म्हनले, माहंच. खरं बोलले अन् आत गेले."

"मंग झालं तर," वामनराव फणकारले. "कबूलच केलं ना!"

गीतांजलीने देवीदासचं नकली पाकीट आणि बाजारातलं खरं पाकीट शेजारी ठेवलं. दोन्हींवर 'भरभराट' सोनेरी, उठावदार. खऱ्यावरचं अक्षर जाडजूड होतं, नकलीवरचं सडपातळ, लांब सावलीचं. नकलीवर दुसऱ्या भची गाठ पहिल्यापेक्षा जरा फुगलेली होती, आणि डाव्या कोपऱ्यात एक तांबूस ठिपका होता.

"छपाईची घाण," वामनरावांनी निकाल दिला. "नकली माल असाच राह्यते."

रजियाबीने सांगितलं ते असं. हिवाळ्यात जुना कॉम्प्युटर बसला. बारा वर्षं ज्यावर नावं, लोगो केले, ते सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना. गफ्फारने त्याच्या जागी तीन सॉफ्टवेअर पाहिली. पहिलं महिनाभर फुकट होतं, पण ना काही साठवू देई ना छापू देई. दुसऱ्यात अक्षराची सावली तुटायची. तिसरं विकत घेतलं. तिन्हींचे तीन नमुने तो किसनरावांकडे ठेवून आला. त्यांनी तिसरा पास केला, आणि खरं पाकीट त्याचंच.

"अन् हे नकली?" वामनरावांनी विचारलं.

"पहिल्याचं. महिनाभर तेच पाहून राहिलो होतो आमी. किसनराव म्हनतात, मी एकच नमुना पाह्यला."

दुपारी गीतांजली आणि वामनराव रजियाबीसोबत अकोल्याला पोहोचले. आधी भेटला कॉम्प्युटरवाला शेखर. गफ्फारची जुनी मशीन त्यानेच बदलीत घेतली होती.

"हार्डडिस्क पोलिसायनं नेली ना," तो वैतागून म्हणाला. "चोर असतो तर ठेवली असती काय मी?"

"त्या फुकटच्या सॉफ्टवेअरचं काम त्यात असेल?"

"कसं असंल? ते नव्या मशीनवर टाकलं मीच. अन् पैसे भरल्याबिगर त्याच्यातून एक रेघ भाईर निंगत नाई."

"हाच हाय," बाहेर येताच वामनराव पुटपुटले. गीतांजलीने मान हलवली, पण होकारार्थी नाही.

गफ्फारच्या दुकानात काचांचा खच पडला होता. फुटलेली पाटी कोणीतरी नालीत टाकली होती. कॉम्प्युटरमागच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेले ब्रश होते. एकावर सोनेरी रंग वाळून बसला होता.

"पहिले पाट्या रंगवाचे ते," रजियाबी म्हणाली. "कॉम्प्युटर आला अन् ब्रश सुटले."

पुढे कंपनीच्या पेढीवर किसनराव गादीवर बसले होते. नवा वजनकाटा, नवा फोन, नवं कपाट, सगळ्यावर कुंकवाचं एकेक बोट होतं. "वडलांची रीत," ते हसून म्हणाले. "नवी वस्तू समोर आली का पहिलं बोट देवाचं." त्यांनी फायलीतून पास केलेला नमुना काढला. त्याच्याही डाव्या कोपऱ्यात कुंकू होतं. "गफ्फारनं हा एकच आनला होता, देवाशपथ. लोकायचं नुकसान पाहावलं नाई, म्हनून मीच तक्रार केली."

वामनरावांना माणूस सज्जन वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गफ्फारला कोर्टात नेण्याआधी, ठाण्यात गीतांजलीच्या विनंतीवरून सगळे जमले. देवीदास रिकामी अठरा पाकिटं घेऊन आला होता. गफ्फारला आतून आणलं तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"साहेब," ती फौजदारांना म्हणाली, "सगळे कॉम्प्युटर धुंडाळत बसले. हे अक्षर कॉम्प्युटरचं नाहीच. कॉम्प्युटरचे दोन भ हुबेहूब सारखे येतात. इथे दुसऱ्याची गाठ फुगली आहे. ज्या सॉफ्टवेअरमधून रेघ बाहेर निघत नाही, त्याचा नमुना कागदावर आला कसा? गफ्फारभाई, तुम्हीच सांगा."

"गिऱ्हाइकाले दाखवाचं होतं, ताई," गफ्फार खाली मान घालून म्हणाला. "पडद्यावर पाहून ब्रशनं रंगवलं. मले इचारलंच नाई कोनी."

"म्हणजे या अक्षराचा जगात एकच कागद. आता हा ठिपका पाहा. अठराही पाकिटांवर एकाच जागी. छपाईची घाण जागा बदलते. हा मूळ कागदावरच होता. खरं पाकीट कॉम्प्युटरवरून थेट छापलं, म्हणून त्यावर ठिपका नाही. मामा, तुम्ही काल कोपऱ्यातलं कुंकू कुठं पाहिलं?"

वामनरावांनी किसनरावांकडे पाहिलं.

"कुंकू कोनीबी लावते," किसनराव गरजले.

"लावतं. पण गफ्फारभाई लावत नाहीत, आणि त्यांनी कागद तुमच्याच गादीवर ठेवला. जो कागद पाहिलाच नाही म्हणता, त्याला तुमचं बोट लागलंय. एक कोंब आला नाही, म्हणजे बियाणं गेल्या वर्षीचं, मेलेलं; तेच खपवायचं होतं. वेगळ्या अक्षराचं पाकीट छापलं, म्हणजे बोंब झाली की नकली म्हणता येईल, आणि अक्षर ज्याचं तो आत जाईल. कागद समोर आला तेव्हा सवयीनं बोट टेकवलं, आणि छापखान्यात तोच कागद दिलात."

चोराच्या उलट्या बोंबा त्या ठाण्यात बऱ्याच ऐकल्या असतील, पण या चोराने तर तक्रारीवर सही केली होती. फौजदारांनी गोदामाकडे माणसं धाडली. तासाभरात तीच पाकिटं पोत्यांनी आली.

देवीदास किसनरावांसमोर जाऊन उभा राहिला.

"हे समदं ठीक हाय. पन माहा हंगाम कोन वापस देते?"

किसनराव टेबलावरच्या आपल्या सहीच्या तक्रारीकडे पाहत राहिले.

संध्याकाळी जठारपेठेत गफ्फारने फळीवरचे ब्रश उतरवले. पाटी नालीतून काढून धुतली होती, पण मधोमध चिरली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरी ओढायला आपणही धावलो होतो, या विचाराने वामनराव स्वतःवरच चिडले होते. सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना.

"गफ्फारभाई, तुमचे हात तोडा म्हनलं होतं मी. तुमच्या बायकोनं आयकलं."

"सांगतलं तिनं मले," गफ्फार म्हणाला. मग त्याने पाटी उचलली आणि शिडी दाखवली. "धरता काय जरा?"

वामनरावांनी शिडी दोन्ही हातांनी धरली, आणि पाटी वर जाईपर्यंत सोडली नाही.