सतराव्या चौकोनातली कात

आमच्या गावच्या निसर्ग संग्रहालयात दर ऑगस्टमध्ये सेमीच्या काती मोजतात. सेमी म्हणजे उन्हाळाभर झाडांवर किर्र करणारा किडा. त्याची पिल्ले कित्येक वर्षे मातीखाली काढतात. मग एका संध्याकाळी वर येतात, समोर जे सापडेल त्यावर चढतात आणि घट्ट धरून बसतात. पाठीवर सरळ चीर पडते, किडा निघून जातो. मागे पायांची पकड तशीच ठेवून तपकिरी, पोकळ कात राहते.

गावाच्या नकाशाचे चाळीस चौकोन पाडले आहेत. प्रत्येक चौकोनात दोघांनी जायचे, एकट्याने कधीच नाही, आणि दिसतील तेवढ्या काती पिशवीत गोळा करायच्या. पिशवीत एक चिठ्ठी टाकायची. तिच्यावर चौकोन, तारीख, वेळ, कात कशावर होती, किती उंचीवर होती आणि शेवटी दोघांची नावे लिहायची. संध्याकाळी सहापर्यंत पिशवी संग्रहालयाच्या दारातल्या लाकडी पेटीत पडली पाहिजे. दुसऱ्या दिवशी तळघरातल्या लांब टेबलांवर सगळे गाव भिंग घेऊन काती ओळखायला बसते. ज्या चौकोनाची पिशवी आली नाही तो नकाशावर पांढरा राहतो. अकरा वर्षांत एकही चौकोन पांढरा राहिलेला नाही, हे तोगाशी सर प्रत्येक वर्षी सांगतात. ते संग्रहालयात किड्यांचा विभाग सांभाळतात.

सतरावा चौकोन माझा आणि सायोचा. देवराईमागची सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, झाडांची टेकडी. चौथीपासून आम्ही दोघीच तिथे जायचो. मला चारचौघांत बोलता येत नाही. सायो माझ्या वाटचेही बोलायची.

गेल्या वर्षी तीन ऑगस्टला ती बसथांब्यावर उभी होती. डासांसाठी तिने शाळेचे पूर्ण बाह्यांचे जाकीट गळ्यापर्यंत लावले होते. आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाच्या जाकिटाचा रंग वेगळा असतो. आमचा शेवाळी हिरवा. छातीवर पांढऱ्या धाग्याने आडनाव असते. तिचे इसोबे.

"माझ्या पोटात दुखतंय," मी म्हटले.

"खरंच?" तिने माझ्याकडे नीट पाहिले. मग हसली. "बरं, जा झोप. तुझंही नाव लिहीन मी. काळजी करू नकोस."

माझ्या पोटात दुखत नव्हते. मला उन्हाचा कंटाळा आला होता. दुसरे काही कारण नव्हते. मी घरी पंख्याखाली लोळून पुस्तक वाचले.

साडेपाचला मी पेटी पाहायला गेले. सतराची पिशवी नव्हती. मला वाटले, सायो रागावली आणि गेलीच नाही. चौकोन पांढरा राहिला असता, उद्या सर्वांसमोर कारण सांगावे लागले असते. मी संग्रहालयाच्या कुंपणावरच्या एकोणीस काती गोळा केल्या आणि चिठ्ठी लिहिली. चौकोन सतरा, दुपारी दोन ते चार. इसोबे सायो, कुरोसे मिनो.

रात्री तिची आई शोधत आली. सकाळी पोलीस आले. त्यांच्या हातात माझी चिठ्ठी होती.

"चार वाजेपर्यंत दोघी बरोबर होतात?"

मी मान हलवली.

"मग बसने खाली थांब्यापर्यंत आलात?"

मी पुन्हा मान हलवली. एवढेच. तोंडाने मी खोटे असे काहीच बोलले नाही. शोधणाऱ्यांनी टेकडीवर एकदाच हाका मारल्या आणि बाकीचे बारा दिवस थांब्याजवळची नदी गाळून काढली. रोज सकाळी मी ठरवायचे की आज सांगायचे. तेराव्या दिवशी ते थांबले.

यंदा मला जायचे नव्हते, पण आईने पाठवले. सतरावा चौकोन सरांनी बंद केला होता. तळघर नेहमीसारखेच गार होते. जुन्या कपाटांचा, डांबरगोळ्यांचा वास येत होता. लहान मुले काती शर्टाला चिकटवून मिरवत होती. माझ्या शेजारी उमेदा आजोबा बसले होते. ते पोस्टातून निवृत्त झालेले आहेत आणि काती ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

"काय मिनोबाई, यंदा तरी तोंड उघडणार की पुढच्या वर्षी?" ते म्हणाले. "मिशीचा तिसरा सांधा बघ. जाड, केसाळ असला की तेलकट पंखांचा सेमी. शंभरदा सांगितलंय. ही पिशवी घे. चिखलाने बरबटलीय, माझ्या चष्म्याला झेपत नाही."

मी पिशवी उलटी केली. काती ओल्या होत्या. एका जातीच्या कातीवर बाहेरून चिखल असतोच, पण ही ती जात नव्हती आणि चिखल आतल्या बाजूने होता. मी एक कात भिंगाखाली धरली. पुढच्या दोन्ही नख्यांत धागा अडकला होता. दुसरी घेतली. तिच्यातही धागा. तिसरी, चौथी...

शेवाळी हिरवा धागा.

चिठ्ठी तळाशी होती. सायोचे अक्षर मी अंधारातही ओळखेन. ती आकडे डावीकडे झुकवून काढते. तीन ऑगस्ट, यंदाचे साल. चौकोन सतरा. काती एकोणीस. उंची, शून्य. कशावर, या रकान्यात लिहिले होते...

बाही.

खाली नावे होती. इसोबे सायो, कुरोसे मिनो.

मी चिठ्ठी मुठीत घेतली. पण उमेदा आजोबांनी ती आधीच पाहिली होती. ते उठून तोगाशी सरांच्या कानाला लागले. सर आले आणि माझ्यापुढे उकिडवे बसले.

"मिनो, काल तू टेकडीवर गेली होतीस?"

"नाही."

"मग तुझं नाव इथे... हे बघ, थट्टा असेल तर सांग. कोणी रागावणार नाही. इसोबे काकूंच्या हातात हे पडायला नको."

तळघरात सगळे बोलत होते. तरी मला कुठेतरी नख खरवडल्याचा आवाज ऐकू येत होता, पेटीच्या आतून यावा तसा.

"मी गेल्या वर्षीही गेले नव्हते," मी म्हटले.

सरांना आधी कळलेच नाही. मग कळले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे ती... एकटी?"

"हो."

"आणि बस?"

"मला माहीत नाही. मी घरी होते."

उमेदा आजोबांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ रुमालाने पुसत राहिले. "नदीत मी होतो बारा दिवस," एवढेच म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

त्याच दुपारी लोक टेकडीवर गेले. मलाही नेले, वाट दाखवायला. गाव सेमींच्या आवाजाने फुटत होते आणि टेकडीवर पाऊल ठेवताच तो आवाज बंद झाला. एकही किडा बोलत नव्हता. ओल्या मातीचा वास इतका दाट होता की तोंडात चव येत होती.

जाकीट मलाच आधी दिसले. एका सुगीच्या खोडावर, आमच्या डोक्यांच्याही वर, ते उभे चिकटले होते. आत कोणी नव्हते. दोन्ही बाह्यांनी खोड कवटाळले होते आणि बाह्यांच्या कडा सालीत रुतलेल्या होत्या. पुढची चेन गळ्यापर्यंत लावलेलीच होती. पाठीवर मात्र मानेपासून कमरेपर्यंत एकच सरळ चीर होती. कापड आतून बाहेर वळले होते. एका बाहीवर एकोणीस बारीक भोके होती.

झाडाच्या बुंध्याशी जमिनीत खड्डा होता. खणलेला नव्हे, खालून वर फुटलेला. माती अजून ओली होती.

"हे वर्षभरापूर्वीचं नाही," एक पोलीस हळूच म्हणाला. "दोन दिवसांचं असेल फार तर..."

त्याचे वाक्य मी अजून पुरे करू शकत नाही. गेल्या वर्षी त्या तेरा सकाळींपैकी एकीला मी तोंड उघडले असते तर त्या मातीत कोण सापडले असते, कसे सापडले असते? दर रात्री मी इथपर्यंत येते आणि पुढे जात नाही. त्यांनी खड्डा खूप खोल खणला. काही मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशी इसोबे काकू संग्रहालयात आल्या. मला वाटले, त्या मला मारतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी तोगाशी सरांना विचारले, "बाहेर आल्यावर ते किती दिवस जगतात?"

"इसोबे-सान, ते किडे आहेत. ही गोष्ट वेगळी..."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. फार तर महिना."

ओबोनच्या दिवसांत गावात प्रत्येक दारापुढे गेलेल्यांना घरी बोलावण्यासाठी आग पेटवतात. गेल्या वर्षी काकूंनी ती पेटवली नाही. यंदाही पेटवली नाही. आग पेटवली की माणूस गेला असे होते. त्यांनी वरच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत राहिल्या. आमच्या गल्लीतून ते कॅलेंडर दिसते. संध्याकाळ झाली की टेकडीकडून एक आवाज यायचा. सेमीसारखाच, पण त्याला मध्येच श्वास घ्यावा लागायचा. लोक खिडक्या लावून घ्यायचे. काकू अंगणात उभ्या राहून ऐकायच्या.

सप्टेंबरच्या तीन तारखेला आवाज आला नाही. चारलाही नाही. पाच तारखेला काकूंनी दारापुढे काटक्या मांडल्या आणि निरोपाची आग पेटवली, ओबोन संपून वीस दिवस झालेले असताना. मी पलीकडच्या कडेला उभी होते. धूर सरळ वर गेला. कुठेही वळला नाही.

हे सगळे मी लिहून ठेवते आहे, कारण तोगाशी सर म्हणतात, पाहिले ते लिहावे, पाहिले नाही ते लिहू नये. तर आज सकाळी पाहिले ते असे. माझ्या खिडकीच्या जाळीवर बाहेरच्या बाजूने ओल्या चिखलाचे दहा ठसे आहेत, बोटांएवढे. जाळी फाटलेली नाही. मी दोरी सोडून उंची मोजली. चार मीटर ऐंशी. काल रात्री टेबलावर मी एक कोरी चिठ्ठी ठेवली होती. आजची तारीख घातली होती, खाली माझे नाव लिहिले होते आणि त्याच्या आधीची जागा सोडली होती.

ती जागा आता भरलेली आहे. वेळेच्या रकान्यातही आकडे आहेत, डावीकडे झुकलेले. दुपारी दोन ते चार. तारीख आजची आहे.

आता एक वाजला आहे. बाहेर खूप ऊन आहे.