भट्टी विकणे आहे

माझी बेकरीची भट्टी बघायला आलेल्या त्या माणसानं आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग कुशीवर थाप मारली, दार उघडून आत डोकावला आणि उकिडवं बसून चारही पाय तपासले. मेंढी विकत घेतात ना, अगदी तसं.

"दात बघायचे राहिले," मी म्हणाले.

तो दचकून उभा राहिला. शर्टाच्या बाहीला खरंच लोकरीचे दोन-तीन केस चिकटले होते. आणि मग तो हसला... उन्हानं रापलेल्या चेहऱ्यावर ते हसू इतकं उघडं होतं, की मलाच नजर वळवावी लागली.

"सवय हो मॅडम. आमचं सगळं खानदान मेंढरांचं. वस्तू घ्यायची म्हनलं की हात आपसूक पाठीवर जातो. किती सांगितली?"

"नव्वद."

"पंच्याऐंशी देतो. पन चालवायची कशी ते तुमीच शिकवायचं. आठ दिवस."

"एक सांगायचं राहिलं," मी घाईघाईनं म्हणाले. हे वाक्य खाली बघून बोलायची मला सवयच लागली होती. "पैसे माझ्या हातात द्यायचे नाहीत. भट्टी बँकेकडं तारण आहे. विकायची परवानगी काढलीय, पण रक्कम थेट कर्जखात्यात भरावी लागेल."

याआधीचे तिघं याच वाक्यावर निघून गेले होते. हा मात्र खूश झाला.

"मंग बरंच हाय की! पावती तरी पक्की मिळंल."

त्याचं नाव रामप्रसाद. गाव पिशोर. आणि ते साल होतं २०१६, मे महिना. शहरात पाचव्या दिवशी नळाला पाणी येत होतं आणि गल्लोगल्ली टँकर फिरत होते.

माझं दुकान शहराच्या टोकाला, सातारा परिसरात होतं. तिकडं रोज एक नवी इमारत उभी राहत होती, तेव्हा माझा नवरा मंदार म्हणाला होता, "मनस्विनी, इथं केक-पेस्ट्रीचं दुकान टाकलं तर सोनं होईल." कर्ज माझ्या नावावर काढलं, कारण महिला उद्योजकाला व्याज कमी पडत होतं. सह्या मी केल्या, निर्णय त्यानं घेतले. इमारती उभ्या राहिल्या, पण फ्लॅट रिकामेच राहिले. दोन वर्षांत दुकान बसलं. मग एके दिवशी मंदार पुण्यात नोकरी धरून निघून गेला, आणि महिन्याभरानं फोनवर म्हणाला, "आपण वेगळं झालेलं बरं." भांडणसुद्धा झालं नाही. एप्रिलमध्ये आम्ही दोघांनी मिळून कोर्टात अर्ज केला आणि सहा महिन्यांनंतरची तारीख मिळाली. त्याच्या वाट्याला पुणं आलं, माझ्या वाट्याला कर्ज.

सिडकोतलं भाड्याचं घर सोडून मी हर्सूलला घरमालकीण द्वारकाबाईंच्या वरच्या खोलीत राहायला आले. उस्मानपुऱ्यात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब लिहायची नोकरी धरली. आणि नातेवाइकांच्या कार्यांना जाणं बंद केलं. कारण तिथं सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, घरात कुणी आजारी असल्यासारखे.

रामप्रसादचं हॉटेल हर्सूलच्या जेलकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि मागं एक कडुनिंब. जेलात असलेल्या माणसाला भेटायला लांबलांबून बायका येत. पहाटेची एसटी धरून आलेल्या, काखेत लेकरू, हातात पिशवी. नंबर लागेपर्यंत त्या याच बाकड्यांवर बसायच्या.

"चहावर किती वेळ बसनार?" रामप्रसाद मला पहिल्या दिवशी सांगत होता. "लेकरं रडत्यात भुकेनं. पाव संपला की गुलमंडीवरून आणस्तवर दुपार व्हती. म्हनलं आपलीच भट्टी घ्यावी. चारा नव्हता, पानी नव्हतं... चाळीस मेंढरं इकली. त्याच पैशाची ही."

मी भट्टीकडं बघितलं. चाळीस मेंढ्या होत्या तिथं उभ्या.

सकाळी सहाला मी तिथं पोचायची आणि नऊला ऑफिसच्या बसला पळायची. तो चांगला विद्यार्थी नव्हता. पीठ मळताना गाणी म्हणायचा आणि वेळ विसरायचा. एकदा मी त्याचा हात धरून कणकेत दाबून दाखवला, "असं... तळव्यानं ढकला."  त्याचं गाणं थांबलं.

"समजलं?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "पुन्हा एकदा दाखवा की."

मी हात काढून घेतला. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या... आणि त्याला भट्टीचं कारण देता येण्यासारखं नव्हतं. भट्टी अजून पेटवलीच नव्हती.

पाण्याचा एकच हंडा असायचा. मी हात धुताना तो तांब्यानं अगदी बारीक धार धरायचा, आणि खालच्या घमेल्यातलं पाणी कडुनिंबाला घालायचा. माझ्या हातावर इतक्या जपून पाणी आजवर कुणी घातलं नव्हतं. हे मी त्याला सांगितलं नाही. अशा गोष्टी सांगायच्या नसतात.

पाचव्या दिवशी माझा फोन सारखा वाजत होता. मी कापत होते. तिसऱ्यांदा कापल्यावर त्यानं नानकटाईच्या पिठातून मान वर केली.

"वसुलीवाला हाय का?"

मी मान डोलावली.

"किती राह्यलंय?"

असं सरळ कुणीच विचारलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही. मग तो आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"सहा लाख बारा हजार."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. आता चेहरा पडेल, आता 'अरे बापरे' म्हणेल...

"बरं," तो म्हणाला. "याच्यात साखर किती घालू?"

मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तो बिचारा साखरेचा डबा हातात धरून तसाच उभा राहिला.

"हसू नका हो मॅडम. आकडाच हाय तो. आकड्याला तोंड असतं का चावायला? तुमी तर दिवसभर लोकांचे आकडे लिवता."

त्याच दिवशी मी ऑफिसातून दोन तास सुट्टी घेतली आणि बँकेत गेले. फोन टाळणारी बाई म्हणून नव्हे, हिशेब लिहिणारी बाई म्हणून. पगाराचा कागद ठेवला, खोलीभाडं सांगितलं, भट्टीची पावती दाखवली. तीन फेऱ्या झाल्या, पण व्यवस्थापकांनी कर्ज पाच वर्षांसाठी बांधून दिलं. महिन्याला तेरा हजार. वसुलीचे फोन बंद झाले. त्या आठवड्यात एका रात्री मी नऊ तास झोपले, एकाच दमात.

पण पगार सोळा हजारच होता. म्हणून आठ दिवस संपले तेव्हा मीच म्हणाले, "मला सकाळच्या कामावर ठेवा. पगारावर. भागीदारी नको, उपकार नकोत."

"सहा हजार देईन."

"पाच हजारांचंच काम आहे."

"तुमी लई इचित्र घासाघीस करता बगा," तो म्हणाला, आणि साडेपाचावर आम्ही ठरवलं.

बाजरीची नानकटाई ही माझी युक्ती. मैद्याऐवजी पिशोरच्या बाजरीचं पीठ घेतलं, गूळ घातला, वर तीळ. बाकड्यांवरच्या बायकांना ती ओळखीची वाटायची. एकदा एका बाईनं दोन नानकटाया पदरात बांधून घेतल्या. "आत देऊ देत नाईत," ती म्हणाली, "पन असू दे. त्याच्या नावाची हाय." रामप्रसादनं तिचे पैसे घेतले नाहीत आणि मग बराच वेळ पाठमोरा उभा राहून ट्रे पुसत राहिला. त्या पाठीकडं बघताना मला कळलं, की माझं काही खरं नाही.

"तुमचं लग्न कसं झालं नाही?" मी एकदा विचारलंच.

"दोन बहिनींची करता करता माझं राह्यलं. मंग पोरी म्हनायच्या, मेंढरामागं फिरनारा नको. आता मेंढरं नाईत..." तो कणकेवर बोटानं रेघ ओढत राहिला. "आता बगू."

"काय बघू?"

"तारीक कधी हाय तुमची, कोर्टाची?"

"ऑक्टोबर."

"मंग ऑक्टोबरात बगू," तो म्हणाला, आणि भट्टीत तोंड घातल्यासारखा वाकला. कान मात्र लाल दिसत होते.

पाऊस त्या वर्षी मनापासून आला. सप्टेंबरात हर्सूलच्या तलावात पाणी दिसायला लागलं, लोक संध्याकाळी मुद्दाम बघायला जायला लागले. आम्हीही गेलो एकदा. काठावर बसलो होतो, मध्ये हातभर अंतर ठेवून. वारा सुटला, माझी ओढणी त्याच्या गुडघ्यावर गेली. मी ती ओढली नाही, त्यानंही उचलून दिली नाही.

आणि मग दुसऱ्या आठवड्यात त्याची आई आली.

केसरबाई पिशोरहून एसटीनं आल्या होत्या. नाकात मोठी नथनी, डोक्यावर पदर, नजर धारदार. रामप्रसाद दूध आणायला गेला होता. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लेक भट्टी बघत होता तसंच.

"तूच का रामाची मॅडम? बस बाय. एक इचारते, राग मानू नको. सडकंला लागून आमची आर्धा एकर जिमीन हाय. रामा ती प्लॉटिंगवाल्याला द्यायला निघालाय. पन्नास हजार इसारबी घेतलाय. तुझं कर्ज फेडायचं म्हनतो. तुला ठावं हाय का?"

मला ठावं नव्हतं.

रामप्रसाद दुधाची कॅन घेऊन आला तेव्हा आई कडुनिंबाखाली जाऊन बसली होती आणि मी रस्त्यातच उभी होते.

"जमीन विकताय?"

त्यानं कॅन खाली ठेवली. "ते... एकदाच मोकळं व्हईल तुमचं. शहर वाढतंय, भाव चांगला आलाय..."

"मला विचारलंत?"

"इचारलं आसतं तर तुमी व्हय म्हनला नसता."

"म्हणूनच विचारायचं असतं!" माझा आवाज चढला. बाकड्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. "रामप्रसाद, मंदारनंही असंच केलं होतं. माझ्या भल्यासाठी, मला न विचारता. ते कर्ज माझं आहे. दर महिन्याला मी ते थोडं थोडं खाली आणते, तेव्हा मला... मला मी दिसते. ते तुम्ही एका झटक्यात काढून घेणार होतात."

"मी देत होतो हो..."

"काढून घेत होतात," मी म्हणाले, आणि बस धरली.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्याही नाही. पहिल्या तारखेचा हप्ता भरायला द्वारकाबाईंकडून भाड्याची मुदत मागून घ्यावी लागली. त्यांनी दिली, वर विचारलं, "तो चहावाला चार वेळा खालपर्यंत येऊन गेला. वर येऊ का म्हणून विचारतो आणि उत्तराच्या आधीच पळतो. काय भानगड आहे?"

"काही नाही," मी म्हणाले. सकाळी सहाला मात्र रोज जाग यायची आणि हात रिकामे वाटायचे.

ऑक्टोबरच्या चौदा तारखेला कोर्टात मंदार भेटला. बारीक झाला होता. न्यायाधीशांनी दोघांना एकेक प्रश्न विचारला, आणि दहा मिनिटांत आठ वर्षं संपली. बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, "कर्जाचं... मी दर महिन्याला दोन हजार पाठवत जाईन. उशिरा सुचलं." मी म्हटलं, "पाठव. पावती देईन." दोघंही हसलो. राग शोधला, तर हाताला लागला नाही.

मग मी रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, "कहाँ जाना है, मॅडम?" आणि माझ्या तोंडून हर्सूलचं नाव निघालं, पण घराचं नाही.

हॉटेलात करपल्याचा वास पसरला होता. रामप्रसाद एका ट्रेसमोर उभा होता, त्यातल्या नानकटाया कोळशासारख्या. मला बघून त्यानं ट्रे पाठीमागं लपवला.

"इसार परत केला," तो आधी तेच बोलला. "पाच हजार जादा घेतले प्लॉटिंगवाल्यानं. आईनं शिव्या दिल्या, लई दिल्या. बरोबर दिल्या. मी इचारायला पायजे व्हतं."

"हो."

"चुकलं माझं."

"हो."

त्यानं लपवलेला ट्रे पुढं आणला. 

"आज निकाल झाला," मी म्हणाले. "मी मोकळी आहे. पण कर्जातून नाही. अजून साडेचार वर्षं हप्ते आहेत, तेरा हजार महिना. ते मीच भरणार. कुणाशीही लग्न केलं तरी मीच. नवी साडी नाही, सोनं नाही, फिरायला जाणं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर..."

"मॅडम," त्यानं मला मध्येच थांबवलं, "मला काय त्या हप्त्यासंगं लगीन लावायचंय का?"

"मग कुणाशी लावायचंय?"

"आता इचारतो बगा. न इचारता काय करनार नाय." त्यानं ट्रे खाली ठेवला, पीठ लागलेले हात पँटला पुसले, आणि पहिल्यांदाच माझं नाव घेतलं. पूर्ण नाव त्याला जड जात होतं, तरी एकेक अक्षर जपत त्यानं ते म्हटलं. "म-न-स्वि-नी. मी तुमाला आवडतो का?"

बाकड्यावरच्या एका म्हातारीनं चहाची बशी तोंडापाशी तशीच धरून ठेवली होती.

"आवडता," मी म्हणाले. "फार."

डिसेंबरात नोंदणी कार्यालयात आम्ही सह्या केल्या. साक्षीदार म्हणून द्वारकाबाईंनी आणि त्याच्या एका बहिणीनं सही केली आणि केसरबाईंनी अंगठा दिला. त्याआधी त्यांनी कागद वाचून दाखवायला लावला, दोनदा. "सून हिशेबाची हाय," त्या म्हणाल्या, "आपनबी आता बगूनच अंगठा द्यावा."

हप्ता मी नेटवरूनही भरू शकते. पण त्यानं एकच मागितलं होतं, "तुमीच भरा, मी नुसतं गाडीवर सोडतो." म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही स्कूटरवरून बँकेत जातो. मी रांगेत उभी राहते. तो बाहेर, काचेपलीकडं, उगाच खिसे चाचपत थांबतो. शिक्का बसला की मी पावती काचेला लावते. तो नाक काचेला टेकवून आकडा वाचतो, मागच्या महिन्यापेक्षा किती कमी झाला ते बोटांवर मोजतो, आणि भर रस्त्यात हात वर करून नाचतो. सुरक्षारक्षक आता त्याला ओळखतो.

मग आम्ही शेजारच्या गाड्यावर एक प्लेट भजी घेतो. एकच. हप्त्याच्या दिवशी तेवढंच परवडतं. शेवटचं भजं कुणी खायचं, यावर दर महिन्याला न चुकता भांडतो.