उजव्या गालावरचं गोंदण

अर्जुनराव मास्तरांनी काढलेल्या पहिल्याच धड छायाचित्रात एक मेलेली बाई आली.

लोणारच्या धर्मशाळेच्या ओसरीत तो कागद वाळत टांगला होता. सरोवराकाठचं पडकं देऊळ, आत काळोखाचा गाभारा आणि त्या काळोखात, धुक्यावर बोटानं रेखावी तशी, एक बाई. तिच्या अंगातून मागची दगडी चौकट दिसत होती. उजव्या गालावर गोंदलेली तुळस. पोटाशी दोन्ही हातांनी धरलेला पांढरा उजेड. दिवा म्हणावा तर ज्योत नाही, चांदणं म्हणावं तर गाभाऱ्यात चांदणं कुठलं?

"देवळात चिटपाखरू नव्हतं हो, भगवंतराव!" मास्तरांनी गळ्याला चिमटा घेतला. "आईची शपथ!"

भगवंतराव बुलढाण्याचे खासगी तपासनीस. नागपूरचे छायाचित्रकार वामनराव लोणारच्या देवळांत छायाचित्रणाचा वर्ग घेत होते. मास्तरांनी त्यात नाव घातलं, म्हणून भगवंतराव मित्राच्या सोबतीला आले होते. ते कागदाजवळ वाकले.

तेवढ्यात पायरीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली.

"तपासनीस तुमीच का, भाऊ? मी वच्छला. ते चित्र दाखवा मले."

तिनं कागद हातात घेतला. बाईच्या गालावरून बोट फिरवलं, जणू लेकराचं तोंड पुसावं.

"माही कोकिळा हे. गेल्या मार्गशीर्षात तळ्याकाठी तिचं लुगडं सापडलं. ती नाही सापडली. उद्या जावई वर्षश्राद्ध करून राह्यला. मले एकच सांगा, भाऊ. लेक मेली का नाही? मेली असंल तर ते मले बोलावून राह्यली. उद्या पिंड पाण्यात गेला का त्याच्या मागं मी बी जातो."

खालून तळ्याचा खारट, उग्र वास येत होता.

"गोंदण तिचंच, माय?" भगवंतरावांनी विचारलं.

"मीच मांडीवर घेऊन गोंदवलं. पण डाव्या गालावर! हे उजव्या गालावर आलं. लोक म्हणतात, भुताचं सारं उलटंच असते. पाय उलटे, तसं हे बी."

"ती गेली तेव्हा घरात काही बिनसलं होतं?"

म्हातारीनं आवाज उतरवला. "तिले दिवस गेले होते. मलेच सांगतलं होतं तिनं, दुसऱ्या कोणाले नाही. आन् मनगटं पाह्यली होती म्या तिची. काळीनिळी."

जावई म्हणजे हिंमतराव पाटील. वर्गातले विद्यार्थीही तेच आणि यजमानही तेच. गळ्यात नवाकोरा कॅमेरा, तोंडात विडा.

"काय वामनराव, भुताचे फोटू काढाले शिकवता का बे पोरायले?" ते मोठ्यानं हसले.

"पाटील, तुम्हांला भीती नाही वाटत?" भगवंतराव म्हणाले.

"कायची? जित्तेपणी माहं ऐकलं नाही तिनं, मेल्यावर काय ऐकंल! उद्या पिंड ठेवतो. कावळा शिवला का मोकळी."

"आणि नाही शिवला तर?"

पाटलांनी विड्याची पिंक टाकली. हसू मात्र ओठांवरून उतरलं. "तर... शोधतो. मेली असंल तर भूत शोधतो, जित्ती असंल तर तिले. माही बायको हाये ते."

वामनराव काळोख केलेल्या खोलीत प्लेटी, म्हणजे छायाचित्राच्या काचा, धूत होते. भगवंतरावांनी दारातूनच विचारलं, "मास्तरांची ती काच कुणाच्या पेटीतली?"

"देव जाणे! दसऱ्याला प्रत्येकाला कोऱ्या काचांची एकेक नवी पेटी धाडली होती मी, घरी हात बसवा म्हणून. इथं पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपापली काच भरली, तर काय तमाशा! वर्गातल्या सरस्वतीबाईंच्या चित्रात देवळाचा डावीकडचा तुटका खांब उजवीकडे गेला. काच उलटी भरली की चित्र असं आरशातल्यासारखं येतं, शिवाय पुसट. मग सगळ्यांच्या पेट्या मीच ताब्यात घेतल्या. आता भरतो मीच."

"पण अंधारात सुलटी बाजू कळते कशी?"

"ओठाला लावायची. चिकटते ती चित्र उमटवणाऱ्या मसाल्याची."

"मी तर जीभच लावली," मास्तर अभिमानानं म्हणाले. "गोडसर लागली."

"हाडं उकळून करतात तो मसाला, मास्तर. पेटीसोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, पहिल्या दिवशी सांगितलंही की मी! तुम्ही तेव्हा पोहे खात होतात."

मास्तर अंगणात जाऊन चुळा भरू लागले. वामनराव हसत पुढं म्हणाले, "आणि पाणी धारेच्या गोड्या झऱ्याचंच आणा हो. तळ्याच्या खाऱ्या पाण्यात काच बुडवली की मसाला सायीसारखा सुटतो. चित्र गायब."

सरस्वतीबाई सोनाळ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं.

"कोकिळा माझी विद्यार्थिनी. मी इथंच होते ना पूर्वी. गेल्या मार्गशीर्षात सोनाळ्याला बदली झाली."

"चित्र पाहिलंत, बाई?"

"पाहिलं. हललं म्हणून वाया गेलं."

"हललं? देऊळ तर स्वच्छ आहे. बाईही पुतळ्यासारखी स्थिर आहे."

सरस्वतीबाईंनी पदर सारखा केला. "मला त्यातलं काय कळतंय? नवशिकीच मी."

दुपार कलल्यावर भगवंतराव कागद घेऊन देवळात गेले. मास्तर मागे मागे, रामनाम पुटपुटत. गाभाऱ्यातून गार हवा येत होती. कुठंतरी पारवा घुमला आणि मास्तरांनी भगवंतरावांचा कोट धरला.

"तुटका खांब कुठं आहे, मास्तर?"

"डावीकडे."

"चित्रात?"

"डावीकडेच. मग?"

"मग देऊळ सुलटं आहे. फक्त बाई उलटी आहे. चला, वच्छलाबाईंकडे जाऊ. सरस्वतीबाईंनाही बोलवा. हिंमतरावांना नको."

वच्छलाबाईच्या चुलीपुढं चौघं बसले. भगवंतरावांनी दाराची कडी लावली.

"माय, हे भूत नाही. एकाच काचेवर दोनदा उजेड पडलाय. एकदा बाईचा, नंतर देवळाचा. बाईच्या वेळी काच उलटी होती म्हणून गोंदण उजव्या गालावर गेलं आणि रूप पुसट झालं. देवळाच्या वेळी काच वामनरावांनी भरली, म्हणून खांब जागेवर आहे."

"म्हणजे कोकिळेचं जुनं चित्र?" मास्तरांनी विचारलं.

"जुनं कसं? पेट्या या दसऱ्याच्या. कोकिळा गेली गेल्या मार्गशीर्षात. मेलेल्या माणसाचा उजेड काचेवर पडत नाही, मास्तर."

म्हातारीचा हात चुलीवरच्या तव्याला लागला. तिला चटका कळलाही नाही.

"आता काच उलटी कोण भरतं? ती ओठाला लावायला जो तयार नाही तो. मसाला हाडांचा आहे हे चिठ्ठीत वाचल्यावर माळकरी बाई तो ओठाला कशी लावेल? पहिल्या दिवशी तुमचा खांब त्यामुळंच फिरला, सरस्वतीबाई. आणि तुम्ही म्हणालात, हललं. देऊळ हललं नाही, बाई हलली नाही. हलला फक्त तो उजेड. हे हलणारं काहीतरी आहे, हे चित्र काढणाऱ्यालाच ठाऊक. ज्या महिन्यात लुगडं सापडलं, त्याच महिन्यात तुम्ही सोनाळ्याला गेलात."

सरस्वतीबाईंनी डोळे मिटले.

"लुगडं सापडायच्या आदल्या रात्री ती माझ्या दाराशी आली होती. ओठ फाटलेला. म्हणाली, मला मेलेली राहू द्या. लुगडं तिनंच काठावर टाकलं. मायलासुद्धा सांगू नका, म्हणाली. माय रडली नाही तर पाटील शोधत येईल." त्यांनी कागदाकडे बोट केलं. "पण मायला एकदा दाखवावं वाटलं मला. दिवाळीत सोनाळ्याला तिचं चित्र काढलं. इथं धुवायला शिकून गुपचूप द्यायचं होतं. काच पेटीच्या तळाशी ठेवली होती. वामनरावांनी पेटीच नेली आणि तीच काच कोरी समजून मास्तरांना भरून दिली. काय म्हणून मागू परत?"

"काय दाखवाचं होतं?" म्हातारीनं विचारलं. "दिवा?"

भगवंतरावांनी कागद तिच्या मांडीवर ठेवला. पांढऱ्या उजेडावर बोट टेकवलं.

"लेकरं चित्र काढताना स्थिर बसत नाहीत, माय. चुळबुळ केली की त्यांचा असा उजेड होतो."

वच्छलाबाई त्या उजेडाकडे बघत राहिली.

"पोरगी आहे," सरस्वतीबाई हळूच म्हणाल्या.

सकाळी तळ्याकाठी गाव जमलं. हिरव्या पाण्याकडेला पिंड ठेवला होता आणि कावळा काही केल्या शिवत नव्हता. हिंमतराव घामेजले होते. त्यांची नजर गर्दीत एकेका तोंडावरून फिरू लागली.

भगवंतराव मास्तरांची ती काच घेऊन पुढं आले. "पाटील, तिचा जीव हिच्यात अडकलाय. पाण्याला देऊन टाकू."

त्यांनी काच तळ्यात धरली. थोड्या वेळानं बाईचा चेहरा सुरकुतला, कडेनं सुटला आणि पातळ सायीसारखा तरंगत निघून गेला. हातात कोरी काच उरली. तिच्यातून पलीकडचं हिरवं पाणी दिसत होतं.

गर्दीनं हात जोडले. हिंमतरावांनीही.

"गेली," ते म्हणाले आणि कपाळ पुसलं. "आता नाही येत."

तेव्हा वच्छलाबाईनं हंबरडा फोडला. कड्याकपारींतून तो घुमत फिरला. वर्षभर जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती आज रडली, म्हणून बाया डोळे पुसू लागल्या.

"फारच हुबेहूब रडतात हो," मास्तर कुजबुजले.

"खरंच रडतायत त्या, मास्तर. वर्षाचं साठलंय."

सरस्वतीबाईंनी म्हातारीला सावरलं. तिनं त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. एक हात पदराआड कमरेशी होता, घडी केलेल्या कागदावर घट्ट. हुंदक्यांच्या आतून, कोणाला ऐकू जाणार नाही असं, तिनं विचारलं,

"दात आले का तिले?"

"दोन," सरस्वतीबाई म्हणाल्या. "खालचे."