निळ्या पेन्सिलीतला माणूस

कवळी दुरुस्तीला टाकलेली, तोंडात औषधाला दात नाही, आणि नेमका त्याच दिवशी तो भेटला. नशिबाला मेल्याला वेळकाळ कळत नाही.

दातांच्या डॉक्टरने थांबायला सांगितलं होतं. बाहेर भुरभुर लागलेली. शेजारीच व्यंगचित्रांचं लहानसं संग्रहालय आहे. सून म्हणाली, तिथे बसायला बाक आहे आणि तिकीट नाही. फुकट म्हटल्यावर माझे गुडघे दुखायचे थांबतात, हे तिला ठाऊक.

आत शिरले तर भिंतीवर मीच! ओळीने लावलेल्या चौकटींत अंबाडा वर, इस्त्री हातात, तोंड उघडं. खाली लिहिलेलं, ‘इस्त्रीवाली’. सून चाट पडली.

तिला काय माहीत. नवरा गेला, पदरात दोन पोरं, तेव्हा मी एका साप्ताहिकाच्या कचेरीसमोर लाँड्री चालवायचे. कचेरीतला चित्रवाला सारखा शाईने माखलेली बाही घेऊन यायचा. डाग काढता काढता मी त्याला चार शब्द सुनवायचे, आणि तेच शब्द आठवड्याच्या अंकात इस्त्रीवालीच्या तोंडी छापून यायचे. गल्ली पोट धरून हसायची. मीही हसायचे, पण दार लावून.

“दात कुठे ठेवलेत, बाई?”

मागे खुर्चीत तोच बसलेला. केस कापसासारखे, कॉलर चुरगळलेली, मांडीवरचा हात थरथरतोय... मी झटकन तोंडाला रुमाल लावला.

“डॉक्टरकडे. तुमच्यासाठी राखून ठेवायचे होते का?”

“नको. नसतानाही चावताच आहात.”

सून लबाड. पुढच्या खोलीतली चित्रं बघते म्हणाली आणि सटकली.

मग त्याने सांगितलं. बायको केली नाही असं नाही, केली, संसार झाला, तीही गेली. जन्मभराची चित्रं इथे देऊन टाकली. आज शेवटची पोचवायला आला होता. संध्याकाळच्या विमानाने मुलगा त्याला आपल्याकडे नेणार होता, लांब, समुद्रापलीकडे. पुन्हा येणं नाही. शर्ट धुवायला टाकलाय म्हणावं, इतक्या साध्या आवाजात सांगितलं त्याने.

काहीतरी बोलायचं म्हणून मी जुनंच भांडण काढलं. “अर्धी चौकट अजून रिकामीच की. तेव्हाही विचारायचे, शाई संपते का तुमची?”

“आणि मी काय म्हणायचो?”

“जागा राखून ठेवलीय म्हणायचात.”

“जवळ जाऊन बघा. चष्मा लावून.”

गेले. अंकात जिथे कोरा कागद दिसायचा, तिथे ह्या मूळ चित्रात फिक्या निळ्या रेघा होत्या. काटकुळा माणूस, बाहीला डाग, काखेत शर्ट, आणि बघतोय माझ्याकडे. दुसऱ्या चौकटीतही तोच, माझ्या डोक्यावर छत्री धरून. त्याच्या पुढच्या चौकटीत माझी धाकटी त्याच्या खांद्यावर.

तो खुर्चीतूनच सांगत होता. आधी निळ्या पेन्सिलीने काढायचं, जे ठेवायचं त्यावर शाई फिरवायची. छापखान्याच्या कॅमेऱ्याला ती निळी रेघ दिसत नाही.

नीळ मला कुणी शिकवू नये. पांढऱ्या कपड्याला ती अशी द्यावी की कपडा उजळावा आणि नीळ कुणाला दिसू नये. दिसली तर काम कच्चं.

“शाई का नाही फिरवलीत?” मी विचारलं.

“तुमच्या हातात इस्त्री असायची. तापलेली.” तो हसला. मग हसू विरलं. “दर अंकाला ठरवायचो, बाई. मग वाटायचं... ह्यावरही तुम्ही हसलात तर? पुन्हा हात चालला नसता माझा.”

“मग आता फिरवा. एका तरी चित्रात.”

टेबलाशी बसलेला संग्रहालयाचा माणूस हळूच म्हणाला, आजी, आता ही चित्रं इथली झाली, हात लावता येणार नाही. एरवी मी त्याला सोडला नसता. पण चित्रवाल्याने आपला हात वर धरून दाखवला. त्यापेक्षा वाऱ्यावरचं पान बरं.

“ह्या हाताने? माझं नाकसुद्धा सरळ यायचं नाही.”

मी तो हात दोन्ही हातांत घेतला. थरथर कमी झाली. थांबली नाही. मग तोंडावरचा रुमाल काढला. दातांशिवाय शब्दातून वारा जातो, पण एवढं वाक्य नीट आलं.

“विचारलं असतंत तर हसले असते. आणि हो म्हटलं असतं.”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“हसून?”

“हसून.”

दारात त्याचा मुलगा आला. बाबा, गाडी उभी आहे, म्हणाला. तो उठला, तशी मी त्याची कॉलर तळहाताने दाबून सारखी केली, एक टोक, मग दुसरं. त्याने हनुवटी वर धरली.

“गेल्या सुरकुत्या?” त्याने विचारलं.

“अशा नाही जात. उद्या या,” मी म्हटलं, गिऱ्हाइकाला सांगायचे तसं.

“येतो,” तो म्हणाला... तेव्हा म्हणायचा, अगदी तसंच.

आता कवळी घट्ट बसलीय, डॉक्टरचं निमित्त उरलं नाही. तरी सून मला तिथे नेते आणि का ते विचारत नाही. शहाणी आहे, पण तिच्या तोंडावर सांगणार नाही. मी बाकावर बसते. लोक येतात, लांबूनच माझे शब्द वाचून पोट धरून हसतात, जातात. त्यांच्या लेखी ती बाई चौकटीत एकटीच ओरडतेय.

नीळ कुणाला दिसत नाही. चित्रवाल्याचं काम पक्कं होतं. नको इतकं पक्कं.