व्हायोलिनमधला सरस

तिचे दोन्ही हात गिटारच्या पोटावर दाबून धरलेले आणि चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आलेला, अशा अवघड वेळी तो दुकानात शिरला. ती वाद्यं दुरुस्त करायची. दुकान मामाचं, विद्याही मामाचीच, आणि जोड धरेपर्यंत हात काढायचा नाही हा नियमसुद्धा मामाचाच. आलेला माणूस क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला... मग त्याने एक बोट पुढे केलं आणि तिचा चष्मा अलगद वर सरकवला.

"माफ करा," तोच दचकून म्हणाला. "चष्म्यांचं दुकान आहे माझं. घसरलेला चष्मा दिसला की राहवत नाही."

"सगळ्यांचेच असे सावरता?"

"नाही हो. बाकीच्यांना नुसतं सांगतो."

तिला हसू आलं, पण हलायची सोय नव्हती. गिटार सुटेपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला आणि मग त्याने पेटी उघडली. आत त्याच्या वडिलांचं व्हायोलिन होतं. वरच्या फळीची एक कड सुटली होती. काम साधं होतं, अट मात्र निराळी होती. तो दूध पीत नसे, चामडं आणि लोकरही वापरत नसे, आणि वाद्यं जोडायचा सरस जनावरांची कातडी आणि हाडं उकळून करतात हे त्याला ठाऊक होतं. जुन्या काळी यात जे गेलं ते गेलं, तो म्हणाला, पण माझ्यासाठी नवीन काही नको. बाकीच्या दुकानांत लोक त्याला हसले होते.

ती हसली नाही. त्याच्या डोळ्यांकडे बघत बिनदिक्कत म्हणाली, "होईल की."

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यात बनलेला गोंद आणला आणि टाकाऊ तुकड्यावर लावून पाहिला. जोड दगडासारखा पक्का बसला आणि तिथेच घोडं अडलं. सरसाचा जोड कोमट पाण्याने सुटतो; पुढे कधी व्हायोलिन उघडायची वेळ आली तर लाकडाला धक्का लागत नाही. या गोंदाने ते उघडताना फाटलं असतं. हे सगळं त्याला फोन करून सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर तो व्हायोलिन घेऊन जाईल, आणि एकदा गेला की कशाला परत येईल... तिने सरसाचं लहान भांडं गरम करायला ठेवलं. कळतंय कुणाला, असं स्वतःलाच म्हणाली. मामाने ते पाहिलं आणि तो आपल्या कामाला लागला.

न्यायला आला तेव्हा त्याने दुकानातच उभ्या उभ्या व्हायोलिन वाजवलं. डोळे मिटून, हनुवटी त्या जोडाला अगदी लगटून. त्याचा आनंद बघून ती फुलून गेली आणि त्याच वेळी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उगीच फडक्याने टेबल पुसत बसली.

मग तो येतच राहिला. कधी तार बदलायची असे, कधी खुंटी सैल झालेली असे. निमित्तं संपली तेव्हा तो सरळ तिच्या चष्म्याची काडी नीट करायला येऊ लागला. ती चांगली सरळ काडी तो मन लावून वाकवायचा आणि पुन्हा मन लावून सरळ करायचा. तिचा चहा बिनदुधाचा झाला. मामा म्हणायचा, त्या चष्मेवाल्यापायी हिने दुधाला वाळीत टाकलंय, उद्या मलाही टाकेल.

एकदा तिने त्याला विचारलं, हे सगळं तू का सोडलंस? तोवर दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती. तो बराच वेळ हातातली काडी फिरवत राहिला.

"मावशीचा गोठा होता," तो म्हणाला. "नर वासरू झालं की ती विकून टाकायची. एकदा एक वासरू गाईपासून हलेचना. मावशी म्हणाली, तू ने, तुझ्या मागे येईल ते. मी माझी बोटं त्याच्या तोंडात दिली. ते चोखत चोखत थेट गाडीपर्यंत आलं. गाडी कुठे जाते ते मला माहीत होतं... तरी नेलं मी त्याला. त्याची आई मागे हंबरत होती. अजून लाज वाटते बघ. दूध सोडून ती जात नाही. पण पुन्हा कुणाला असं न्यायचं नाही, एवढं ठरवलंय."

त्या दिवसापासून चहातलं दूध तिला खरंच नकोसं झालं. आता त्यात लाडिकपणा उरला नव्हता. व्हायोलिनचं मात्र तोंडातून निघेना. रोज वाटायचं, आज सांगू. रोज तो हसत दारात यायचा, आणि ते रोज उद्यावर जायचं.

मग तो तिला ताईकडे घेऊन गेला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. वडिलांचं व्हायोलिन कड सुटल्यापासून बंद पेटीत होतं. ते पुन्हा वाजताना ऐकून ताईचे डोळे वाहू लागले. "सगळे हसले होते," तो अभिमानाने सांगत होता, "हिनेच एकटीने माझा शब्द राखला." ताईने तिचे दोन्ही हात हातात घेतले. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना तुझं नाव सांगितलंय, म्हणाली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पुढ्यातलं जेवण तिने नुसतं चिवडलं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा नीटनेटका होऊन आला. "मला तुला एक विचारायचंय..."

"आधी माझं ऐक," ती म्हणाली, आणि थांबली तर पुन्हा जमणार नाही म्हणून सगळं एका दमात सांगून टाकलं. गोंद, सरस, भांडं, आणि तो परत यावा म्हणून गप्प राहिलेली ती.

त्याचा चेहरा उतरला. "उघडता येणारा जोड हवा, हे मला कळलं असतं," तो हळूच म्हणाला. "नाही वाजवलं असतं मी, ठेवलं असतं तसंच. पण ते माझं मी ठरवायचं होतं ना? तुझ्या एका शब्दावर मी आलो तुझ्या मागोमाग... त्या वासरासारखा."

जे विचारायचं होतं ते न विचारताच तो गेला. तो भांडला असता तर तिला सोसलं असतं. हे सोसेना.

तो आलाच नाही. काही दिवसांनी मामाने तिच्यापुढे दुधाचा चहा ठेवला. "घे आता. बघायला कोण आहे?" त्याच्या आवाजात मायाच होती. तिने कप बाजूला सारला आणि स्वतःचा काळा चहा करून घेतला. बघायला कोणी नव्हतं, हे खरं होतं. मग तिने मामाला एक मागितलं: यापुढे येईल त्या गिऱ्हाइकाला सरस कशाचा असतो आणि गोंदाने काय बिघडतं, दोन्ही आधी सांगायचं; निवड त्याची. मामा कुरकुरला, पण तयार झाला. सांगितलं की काहीजण हसायचे, काही विचारात पडायचे. हसणाऱ्यांचा तिला राग यायचा नाही. आपण काय केलं ते तिला आठवायचं.

पाऊस रिपरिपत होता त्या दुपारी तो परत आला. ओला, दाराशीच उभा.

"अजून बिनदुधाचाच?" कपाकडे बघत त्याने विचारलं. "कुणासाठी?"

"सुरू केला तुझ्यासाठी," ती म्हणाली. "आता तू आला नाहीस तरी तसाच राहणार आहे."

तो आत आला. मग म्हणाला, राग गेलाय असं नाही. पण ताई अजून लोकांना कौतुकाने सांगत फिरते, ते थांबायला हवं. "मी सांगितलं असतं. पण ते सांगणं तुझं आहे. येशील?"

ती हो म्हणाली खरी, पण ताईच्या दारात ती थबकली. त्याने तिचा हात धरला. फरशीवरची नजर वर न करता तिने सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही, स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलली नाही. ताई ऐकता ऐकता गंभीर झाली. मग भावाकडे वळली.

"एवढं फसवलं हिने, आणि तू हिचा हात कसला धरून उभा आहेस?"

"सोडला तर ही पळून जाईल," तो म्हणाला. "आणि ताई... हिच्यावाचून माझं काही खरं नाही."

ताईने दार पूर्ण उघडलं आणि आधी तिला आत घेतलं.